एकतीस माणसांसमोरचा शब्द

ह्वाम्मुर
२९ सप्टेंबर

इल्लुगी,

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण त्या खांबाची बातमी पेपरात आली आहे, घोड्याच्या मुंडक्याच्या फोटोसकट, आणि तिकडे फेरो बेटांवर आपले पेपर वाचणारे लोक आहेत. तुझ्या कानावर काहीबाही जाण्याआधी माझ्याकडून ऐक. तो खांब मी उभा केलेला नाही.

झालं ते असं. मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या होत्या. गेल्या मंगळवारी सकाळी मी सांदविकला डिझेल आणायला निघालो. जुन्या शाळेच्या वळणावर पोचलो तर समोर ते. शाळेत हल्ली मासळीच्या कारखान्यातली पोलिश माणसं रविवारी प्रार्थनेला जमतात. शेजारच्या घरात हलिना नावाची बाई राहते, म्हाताऱ्या आईला घेऊन. तू गेल्यावर आली ती, कारखान्यात एका पाळीची मुकादम आहे. तिच्या दारासमोर, रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावर, दोन पुरुष उंचीची काठी रोवलेली होती. वर घोड्याचं कापलेलं डोकं, तोंड बरोबर तिच्या दाराकडे, आणि काठीवर वरपासून खालपर्यंत कोरलेली आपली जुनी रून अक्षरं.

निंदेचा खांब. कुणाची अब्रू धुळीला मिळवायची, त्याच्या जमिनीची राखण करणारे आत्मे पळवून लावायचे, तर हजार वर्षांपूर्वी आपले लोक हे करत. तुला सांगायला नको.

मी गाडीतली पहार काढली आणि खांब उपटला. डोकं गोणत्यात घातलं. हलिना दारात उभी होती, खिडकीत तिची आई जपमाळ ओढत होती.

मी म्हटलं, "हे मी केलेलं नाही."

"मी विचारलं का?" ती म्हणाली. आपली भाषा ती मोडकीतोडकी बोलते, पण नेमकी बोलते. "घोडा कुणाचा होता?"

"माहीत नाही."

"तू त्यांचा पुरोहित ना? मग माहीत पाहिजे."

मग पोलीस आले, आपल्या स्वयंपाकघरात बसून तीन कप कॉफी प्यायले आणि मला विचारू लागले की तुमच्या मंडळाला असल्या काठ्यांचा छंद आहे का. बावीस वर्षं मी या खोऱ्यात जुन्या देवांचा पुरोहित आहे. लोकांची लग्नं लावली, बारशी केली, माणसं पुरली. दिलेला शब्द एकदाही मोडला नाही. आणि आज सांदविकच्या दुकानात मी शिरलो की बोलणं थांबतं.

म्हणून लिहितोय. बाकी त्या दिवसाबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्याच्या मेळ्यात यॉर्ग तुला काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी विस्तवापाशी होतो, वारा सुटला होता. नाहीतर बोललो नसतो का?

तुझा बाप,
आर्नग्रीम


ह्वाम्मुर
६ ऑक्टोबर

इल्लुगी,

आधीचं पत्र गेलेलं नाही. तुझा पत्ता तुझ्या आईकडेच आहे हे तू जाणतोसच, तशी व्यवस्था तूच करून ठेवलीस. मी पाकीट तिच्यापुढे सरकवलं, म्हटलं, पत्ता घाल. तिने पत्र बाहेर काढून चुलीपाशी उभ्याउभ्या वाचलं.

"तीन वर्षांनी पोराला पत्र," ती म्हणाली, "आणि विषय काय, तर तुझी अब्रू."

"बातमी कळवायला नको त्याला?"

"आणि वारा? त्या दिवशी समुद्र आरशासारखा होता, आर्नग्रीम. धूर सरळ वर जात होता. पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले होते."

पत्र तिने टेबलावर टाकलं. "खरं लिही. मग पत्ता घालते."

तुझ्या आईला, सिग्नीला, तू ओळखतोस. एकदा ओठ मिटले की पहार लावूनही उघडायचे नाहीत. म्हणून पुन्हा लिहायला बसलोय.

बरं. ऐकलं होतं मी.

यॉर्ग आणि त्याची सात माणसं त्या वसंतात पहिल्यांदा आली. दक्षिणेकडची शहरी माणसं, दाढ्या राखलेली. त्यांच्या अंगावर जेवढी रून अक्षरं गोंदलेली होती तेवढी मी आयुष्यात कोरली नसतील, आणि त्यातली निम्मी चुकलेली. तू त्यांना हसायचास. पण एक गोष्ट तुला दिसली नाही. मी खोलीत आलो की ते आठही जण उठून उभे राहायचे. आपल्याकडे कोण कुणासाठी उठतं? आपल्या मंडळातले लोक मला "आर्नग्रीम, कॉफी संपली का रे?" असं विचारतात. ते मात्र मी बोलायला लागलो की खाली बघून ऐकायचे. इमान, मान, पूर्वज, रक्त. हे शब्द मी वर्षानुवर्षं जांभया देणाऱ्यांसमोर बोलत आलो होतो. पहिल्यांदा कुणीतरी ते असे ऐकत होतं, जणू तहान लागली आहे.

उन्हाळ्याच्या मेळ्याला तू उंच पाटावर बसलास. आजीचा राखाडी झगा अंगावर, आजीची काठी हातात. उन्नुरने तुला विनवलं होतं. तिचा नवरा फेब्रुवारीत बोटीसकट गेला, प्रेत मिळालं नाही, आणि तिला त्याच्याशी एकदा बोलायचं होतं. आजीने ते मेलेल्यांना बोलावण्याचं गाणं तुला शिकवलं होतं, कारण घरात मुलगी नव्हती आणि आईला सूर नव्हता. तू गायला लागलास. मग यॉर्ग मोठ्याने म्हणाला, "हे बायकांचं काम. तुमच्यात पुरुष करतात?"

एवढंच म्हणाला तो. आणि मी गप्प बसलो. पाहुणा होता, माझ्या घरचं अन्न त्याच्या पोटात होतं. पाहुण्याचा मान राखायचा हा आपला धर्मच आहे. तरी मी त्याला तिथेच गप्प करायला हवं होतं. ती माझी चूक झाली, कबूल करतो.

आता झालं ना?

आर्नग्रीम


ह्वाम्मुर
२० नोव्हेंबर

इल्लुगी,

ते पत्रही गेलं नाही. सिग्नीने वाचलं, एवढंच विचारलं, "गप्प बसलास?" आणि मेंढ्यांना वैरण घालायला निघून गेली. सहा आठवडे मीही लिहिलं नाही. तिला वाटेल तशी मला पत्रं सांगायला ती काही शाळामास्तरीण नव्हे.

पण मधे मी आपल्या मंडळातल्या ब्रोद्दीकडे जाऊन आलो, आणि त्यानंतर मला झोप लागत नाही.

खांब कुणी रोवला ते मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पोलिसांना सांगितलं नाही, तुलाही लिहिलं नाही. काठीवरची अक्षरं माझ्या वळणाची होती. मी एका अक्षराचा पाय जरा आत वाकवतो, माझ्या काकांनी मला तसं शिकवलं. दर गुरुवारी हिवाळ्यात मी जे कोरायला शिकवलं, त्यात तसा पाय नीट काढायला एकट्या ब्रोद्दीला जमलं.

ब्रोद्दी गोठ्यात होता. मला वाटलं होतं नाकारेल. त्याने तर फावडं भिंतीला टेकवलं आणि हसला.

"केलं. मग?"

"त्या बाईने तुझं काय वाकडं केलं?"

"शाळेच्या दारावर क्रूस लावलाय तिने. आपल्या खाडीत."

"क्रूस इथे हजार वर्षांपासून आहे, ब्रोद्दी. तुझी आजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची."

"तो आपला क्रूस होता," तो म्हणाला. ऐकलंस? आपला क्रूस. जुन्या देवांच्या या भक्ताला क्रूसही आपला आणि परका असा वेगळा करता येतो.

मी म्हटलं, हे चालणार नाही, मंडळात मी हे मांडणार. तेव्हा तो माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. मनापासून बोलत होता, हीच पंचाईत.

"तू असा मऊ कधीपासून झालास? आर्नग्रीम, आम्हाला दाखवून दिलं ते तू. स्वतःच्या पोराचीही गय केली नाहीस. सगळ्यांसमोर तोंडावर बोललास. यॉर्ग अजून सांगतो, उत्तरेत एकच खरा पुरोहित बघितला. त्या दिवशी मला कळलं, की इमान म्हणजे काय असतं."

बावीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी निरोपही न घेता गोठ्याबाहेर आलो.

तर आता लिहितो. सिग्नीसाठी नाही.

यॉर्गने फक्त विचारलं होतं. तुमच्यात पुरुष करतात का. त्याला मी "हो" म्हणालो असतो तरी तो मान डोलावून बसला असता, कारण त्या दिवसापर्यंत मी जे म्हणेन तो त्यांचा धर्म होता. आठ जणांची तोंडं माझ्याकडे वळली. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि मला आजीचा झगा घातलेला माझा मुलगा दिसला. मी उठलो.

"उतर खाली," मी म्हणालो. "काठी आईकडे दे. माझ्या घरात असला बायल्या नको."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तो जुना शब्द काढला. आर्गुर. तो तर मी उच्चार घोटून, खणखणीत म्हणालो, गुरुवारच्या वर्गात म्हणतो तसा. या एका शब्दासाठी जुन्या कायद्यात बोलणाऱ्याला जिवे मारायची मुभा होती, आणि मारणाऱ्याला शिक्षा नव्हती. पुरुषाला पुरुषातून उठवणारा शब्द. तो बापाने मुलाला म्हटल्याचं मला एकाही जुन्या कथेत आठवत नाही.

तू गाणं मधेच सोडलंस. खाली उतरलास, काठी पुढे केलीस, आणि आईने ती घेतली. मग त्या झग्यातच तू रस्त्याला लागलास. वळणापर्यंत दिसत होतास.

यॉर्गच्या माणसांनी हातातली मद्याची शिंगं टेबलावर आपटायला सुरुवात केली. आठ शिंगं, एका तालात. मला बरं वाटलं. हे गाळणार होतो, पण लिहितो. मला बरं वाटलं, इल्लुगी. संध्याकाळ उतरेपर्यंत बरं वाटत होतं.

आणि मग आम्ही पहिलं शिंग कुणाच्या नावाने उचललं? ओडिनच्या. आपला सर्वांत थोर देव, फ्रेया देवीकडून हेच गाणं शिकलेला, बायकांसारखं बसून ते गाणारा, आणि देवांच्या पंगतीत त्यावरून हाच टोमणा खाल्लेला ओडिन. ही गोष्ट मी दर हिवाळ्यात शिकवतो. लोकांना फार आवडते.

आर्नग्रीम


ह्वाम्मुर
१७ एप्रिल

इल्लुगी,

नोव्हेंबरचं पत्र सिग्नीने वाचलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता पत्ता घालेल. ती म्हणाली, "हे तू मला सांगितलंस. मी तिथे होतेच. ज्यांनी ऐकलं त्यांना सांग."

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि रागही त्याचाच आला. चारचौघांत काढलेला शब्द चारचौघांतच मागे घ्यायचा असतो. हे शिकवणारा मीच.

त्या दिवशी आपण तिघं सोडून एकतीस माणसं होती. पाहुण्यांचं पुस्तक काढून नावं उतरवून घेतली. यॉर्गला आणि त्याच्या सात जणांना पत्र टाकलं. उत्तर एकट्या यॉर्गचं आलं, एका ओळीचं: तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. उरलेले तेवीस मी फिरलो. जानेवारीपासून. खिंड बंद असायची, गाडी दोनदा बर्फात रुतली. एकाला तर रुग्णालयात गाठलं, नाकात नळी होती त्याच्या.

दारात उभं राहून एकच वाक्य म्हणायचो. "माझ्या मुलाला मी तुझ्यासमोर जो शब्द म्हणालो तो खोटा होता, मी तो मागे घेतो."

तुला वाटत असेल लोक रडले, गळ्यात पडले. कित्येकांना आठवतही नव्हतं. ज्या शब्दापायी माझं घर रिकामं झालं तो त्यांनी त्याच संध्याकाळी मटणाबरोबर खाऊन टाकला होता. "कुठला शब्द?" म्हणाले. मग मला तो पुन्हा उच्चारून सांगावा लागायचा, मागे घेण्यासाठी. सात घरांत मी तुला परत तेच म्हणालो. काहींनी मला कॉफीला बसवलं आणि माझी कीव केली. एक जण म्हणाला, "अरे, बापलेकांत व्हायचंच." एकाने बायकोला हाक मारली, "ये, ऐक, आर्नग्रीम माफी मागतोय," जसं काही अस्वल आलंय दारात.

उन्नुर तेवढी हसली नाही. ती माझ्यासाठी बाजूला सरली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"तो शब्द माझ्या लक्षात नाही," ती म्हणाली. "मला एवढंच आठवतं की इल्लुगी गात होता आणि मला रडू येत होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि तू थांबवलंस."

"उन्नुर, मी..."

"तुला काय वाटलं, मला माझा नवरा खरंच तिथे येऊन बसलेला हवा होता? मी काय वेडी आहे? मला कुणीतरी त्याला नावाने हाक मारलेली ऐकायची होती." मग म्हणाली, "जा आता. भाकरी करपतेय."

भाकरी करपत नव्हती. घरात कसला वास नव्हता.

ब्रोद्दीचं दार मी मागे ठेवलं होतं. फेब्रुवारीत शहरातल्या मुख्य सभेने त्याला मंडळातून काढलं. मी तो ठराव मांडला आणि त्याच सभेत पुरोहिताची शपथेची अंगठी टेबलावर ठेवली, कुणी मागायच्या आत. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पाच मिनिटांनी मागितलीच असती त्यांनी. ब्रोद्दीने माझं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तूही," तो म्हणाला. "तूही आर्गुर."

तो शब्द त्याने माझ्यासारखाच म्हटला, तसाच घोटून. मला राग आला नाही असं लिहिणार होतो. आला. गाडीत बसून मी स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. मग लक्षात आलं की मला एका दमट गोठ्यात, एका माणसाने, कुणी ऐकत नसताना म्हटलं होतं. आणि मी पासष्ट वर्षांचा आहे. तू सव्वीसचा होतास.

हलिना त्या यादीत नव्हती, तरी गेलो. सांगितलं की खांबावरची अक्षरं माझ्या हाताने शिकवलेली होती.

"तू शिकवलं?"

"हो."

"मग आता शिकवू नको."

"बंद केलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "माझी आई सहा महिने पुढच्या दाराने बाहेर येत नाही. मागच्या दाराने येते. तिकडे तीन पायऱ्या आहेत, ती पडते." एवढं बोलून तिने दार लावलं. मी दुसऱ्या दिवशी लाकूड घेऊन गेलो आणि मागच्या पायऱ्यांना कठडा बसवला. ती बघत होती. थांब म्हणाली नाही, ये म्हणाली नाही.

आर्नग्रीम


ह्वाम्मुर
३० मे

इल्लुगी,

एकतीस झाले. काल मी सिग्नीसमोर बसलो आणि तेच वाक्य तिलाही म्हणालो, कारण तीही ऐकणाऱ्यांतली. मग चारही पत्रं पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवली. "आता तरी घाल पत्ता."

तिने पेन घेतलं नाही. उठून बेडरूममध्ये गेली आणि तिच्या लोकरीच्या कपाटातला खालचा खण बाहेर ओढूनच घेऊन आली, तसाच लाकडी खण. त्यात पत्रं होती. एकावर एक, सगळी तिच्या अक्षरातली, सगळ्यांवर तुझं नाव, आणि सगळ्यांवर टपालखात्याचा शिक्का: घेणाऱ्याने नाकारले.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "ही कधीची?"

"सगळीच," ती म्हणाली. "पहिल्या नाताळापासूनची. एक घेतलं नाही त्याने. फोन तर त्याआधीच बंद केला."

"पण तू तर... तो बोटींच्या कारखान्यात लागला म्हणालीस. पिवळ्या घरात राहतो. मांजर पाळलंय म्हणालीस, एका कानाचं."

"कारखाना आणि घर खरं आहे. बंदरावरच्या एकाला विचारलं होतं. बाकीचं मी बनवलं."

तीन वर्षं, इल्लुगी. दर रविवारी ती जेवताना तुझ्याबद्दल एखादी गोष्ट सांगायची. त्याला खोकला झाला होता, बरा आहे. मांजराने शेजारणीचा मासा पळवला. मी एकदाही "हं" म्हटलं नसेल. पण ऐकायचो.

"मला का फसवलंस?"

"तू रेडिओचा आवाज कमी करायचास," ती म्हणाली. "मी त्याचं नाव काढलं की तू कधी काही विचारलं नाहीस, पण हात लांब करून रेडिओ बारीक करायचास. मग मी काय सांगायला हवं होतं? की आपला मुलगा माझंही तोंड बघत नाही?"

"तुझं का? तू काय केलंस?"

त्यावर ती अशी काही बघत राहिली की मला वाटलं, मी अजून एक कुठलातरी शब्द बोललो.

"काठी घेतली मी," ती म्हणाली. "तू म्हणालास, आईकडे दे, आणि मी हात पुढे केला. माझ्या आईने त्याला दिलेली काठी. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी घेतली. तू एक शब्द बोललास, तो ब्रोद्दीही बोलेल. मी काय केलं ते तू चार पत्रांत मिळून एका ओळीत लिहून पुढे गेलास. तुला ते दिसलंसुद्धा नाही."

मी विचारलं, मग मला ही पत्रं का लिहायला लावलीस, पोचणार नव्हती तर.

"पाठवायची नव्हतीच मुळी. मला एकदा तुझ्या हातचं खरं वाचायचं होतं. मग वाटलं, तू जेवढं करशील तेवढं मलाही करता येईल." आणि इतक्या वर्षांत मी तिला क्वचितच पाहिलं तशी ती रडली, तोंड उघडं टाकून, पोरीसारखी.

बोटीची दोन तिकिटं काढली आहेत. मेंढ्यांकडे उन्नुर बघणार आहे. तिला विचारायला सिग्नी गेली होती. उन्नुर काय म्हणाली ते सिग्नीने मला सांगितलं नाही, पण ती येते आहे.

आर्नग्रीम


तोर्सहाव्न
१२ जून

इल्लुगी,

आज सकाळचं तुला माहीतच आहे. तरी लिहितो, कारण तू दार लावल्यावर आम्ही दोघं काय केलं ते तुला माहीत नाही, आणि मला आता काही गाळायची सवय मोडायची आहे.

बोटीवर सिग्नीला एकोणीस तास समुद्र लागला. मी तिचं डोकं धरून बसलो होतो. सकाळी बंदरापाशी हातपाय धुतले, तिने केस विंचरले, दोनदा. पिवळं घर खरंच पिवळं निघालं.

तू कामाच्या कपड्यांत होतास. बाहीला लाकडाचा भुसा. रुंद झालायस. मी टोपी काढली आणि वाक्य म्हटलं. तेवीस दारांत म्हटलेलं वाक्य, पाठ झालेलं, आणि मधेच माझा आवाज फुटला. "मी तो मागे घेतो" हे तुला नीट ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही.

"ऐकलं," तू म्हणालास.

मग सिग्नी म्हणाली, "इल्लुगी, काठी मी घेतली होती."

"माहीत आहे, आई. मीच दिली होती ना."

तुझ्या तोंडून "आई" निघालं. मला तू काहीच म्हणाला नाहीस, ना बाबा, ना आर्नग्रीम, आणि मी त्याची वाट बघत उभा होतो हे तुला दिसलं असणार.

तुझ्या मागे, बोळात, भिंतीशी लहान रबरी बूट होते. लाल. माझ्या तळहाताएवढे. आम्ही दोघांनीही पाहिले. तू आम्हाला ते पाहताना पाहिलंस, आणि अंग जरासं मधे घेतलंस, दारात भरून उभा राहिलास. सिग्नीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

"मला कामावर जायचंय," तू म्हणालास, आणि दार लावलंस. आपटलं नाहीस. मी जन्मभर मानापमानाचे हिशेब मांडत आलो, कोण कुणाला काय म्हणालं, कुणी कसं उत्तर द्यायला हवं. हळूच लावलेल्या दाराला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

नंतर आम्ही तुझ्या रस्त्याच्या टोकाला बाकावर बसलो. तू सायकलवरून गेलास, आमच्या समोरून, पुढे बघत. सिग्नी म्हणाली, "मी त्याला मांजर दिलं होतं, आर्नग्रीम. तीन वर्षं दर रविवारी विचार करत होते, आता त्याला काय द्यावं. आणि मला मांजर सुचलं."

आम्ही तिथेच चर्चशेजारच्या दुकानात सूप घेतलं. तिने खाल्लं नाही, मी दोन्ही खाल्ली.

हा सगळा गठ्ठा, पहिली दोन खोटी पत्रं धरून, तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकतो आहे. गाळलं काही नाही. सिग्नीने खणातली तिची पत्रं बरोबर आणली होती, पण ती टाकू नको म्हणाली, ती त्याने एकदा नाकारली आहेत. पाकिटावर तिने नुसतं तुझं नाव घातलं. मागे आपल्या घरचा पत्ता लिहायला तिने पेन टेकवलं होतं, मी हात धरला. पत्ता असला की परत पाठवायला सोपं पडतं.

वाच, नाहीतर चुलीत घाल. बोट चार वाजता सुटते.

आर्नग्रीम